एका पाठीचं सामान

बक्कल पितळेचं होतं. त्याच्या एका कोपऱ्यावर हिरवट डाग चढला होता, आणि पट्टा आत सरकवला की मधला दात बरोबर भोकात बसत होता, ओढला की सुटत होता, सरकवला की पुन्हा बसत होता... चन्नवीर किती वेळ तेच करत होता कोण जाणे, कारण निसार शेवटी म्हणाला, "अण्णा, नुसतं बक्कल न्हाय इकत मी. खाली पिशवी बी हाय त्याला."

पिशवी होती. खाकी कॅनव्हासची, दोन पट्ट्यांनी पाठीला लावायची. लक्ष्मीपुरीतल्या निसारच्या दुकानात सगळा माल मिलिटरीचा, वापरून झालेला — बूट, पट्टे, डबे, लोकरी टोप्या, पाण्याच्या बाटल्या — आणि त्या सगळ्याला एकच वास, मेणाचा आणि दमट पोत्याचा. चन्नवीर इथे आजवर आला तो बुटांसाठी. शिरोलीच्या फौंड्रीत पायावर ठिणग्या उडतात, साधा जोडा टिकत नाही. पिशवी घ्यायला तो कधी आला नव्हता. आज त्यासाठी रजा काढली होती, आणि रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं हे न सुचून 'घरगुती' लिहिलं होतं.

"पाठीला लावून तर बघा," निसार म्हणाला. "दोन्ही हात मोकळे ऱ्हात्यात."

दोन्ही हात मोकळे. मोकळे ठेवून करायचं काय... उरसाच्या टेकाडाच्या उतारावर मुरूम आहे, पहाटे दव पडलं की तो पायाखालून सुटतो, तिथे बायको, मल्लव्वा, हात पुढे करायची आणि तो धरायचा. डाव्या खांद्यावर वळकटी, उजव्या हातात तिचा हात. म्हणजे मोकळा हात असा कधी नव्हताच, आणि त्यामुळे काही अडलंही नव्हतं.

त्याने पिशवी पाठीला लावली. रिकामी पिशवी. तिचं काहीच वजन लागेना आणि तरी खांदे आपोआप पुढे झुकले. फौंड्रीत साचे उचलून खांद्यांना सवय लागली आहे, ओझं येणार म्हटलं की ते आधीच वाकतात.

नेसरीच्या पुढे पिराचं टेकाड आहे. थंडीत तिथे उरूस भरतो, आणि उरसाच्या रात्री माथ्यावरच्या माळावर, उघड्यावर, कव्वाली होते. दोन पार्ट्या, एक बाईची आणि एक बुवाची, समोरासमोर बसून उजाडेपर्यंत सवाल-जवाब. लग्नानंतर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी मल्लव्वाने ती पहिल्यांदा ऐकली आणि मग ते वर्ष धरून एकही उरूस चुकला नाही. कोल्हापुरातून एस.टी.ने नेसरी, तिथून पुढे पायवाट, दुपार कलायच्या आत माळावर. जागा धरायची म्हणजे काय, तर घोंगडं पसरायचं. त्या माळावर रीत अशी आहे की ज्याचं घोंगडं जिथे पसरलं ती रात्रभर त्याची जागा. पसरलेल्या घोंगड्यावर कुणी पाय देत नाही, मालक जत्रेत हिंडत असला तरी नाही. आणि ज्याची जागा एकदा ठरली त्याची ती दर वर्षी राहते, फक्त दर वर्षी येऊन पसरलं पाहिजे. एक वर्ष चुकलं की गेली. त्यावर तंटा नाही, बोलणंही नाही.

त्यांची जागा कडुनिंबाच्या अंगाला होती. वारा अडतो. शेजारी जरीना — निसारच्या बापाची बहीण, नेसरीतच दिलेली — आपली पोरंबाळं घेऊन बसते. तिची खीर इकडे यायची, मल्लव्वाच्या शेंगाच्या पोळ्या तिकडे जायच्या.

"फुफूचा सांगावा आलाय," निसार म्हणाला. तो बाटलीचं बूच घासत होता, वर न बघता बोलत होता. "औंदा तिची सून आलीया, व्याही बी येनार म्हंत्यात. मानसं वाढलीत. अण्णा येनार हायत का इचारलंय. येनार असला तर जागा धरती."

"येणार की."

"आनि..." निसारने बूच खाली ठेवलं. "एकट्याची धरू का दोघांची, म्हंत हुती."

दुकानासमोरून एक टेम्पो गेला, मागे लोखंडी पत्रे, त्यांचा आवाज बराच वेळ राहिला.

"तसं तिला म्हायती हाय म्हना," निसार म्हणाला. "मीच कळवलंतं उन्हाळ्यात. पर इचाराय नको का? मी उद्या सकाळच्या गाडीनं जातोय. सांजच्याला सांगा मला."

विचारायला हवंच. जरीनाने बरोबर विचारलं होतं. दुसरं कुणी असतं तर न विचारताच सरकून बसलं असतं, आणि मग त्या निम्म्या जागेत तिचा व्याही बसला असता, तंबाखू मळत... चन्नवीरला त्या न पाहिलेल्या व्याह्याचा राग आला, आणि तो राग आल्याचाही कंटाळा आला. उन्हाळ्यापासून असंच. प्रत्येक गोष्टीचं आधी काहीतरी वाटतं आणि मग ते वाटल्याचा शीण येतो.

"वळकटी कशाला वाहतासा आता ह्या वयात?" निसार आत जाऊन एक गुंडाळी घेऊन आला. "हे बघा. झोपायची पिशवी. आत शिरायचं, चेन वडायची, खलास. बर्फात वापरत्यात. सादी थंडी काय करती ह्याला!"

"मी काय बर्फात चाललो काय."

"शिरून तर बघा. पैसं न्हाय शिरायचं."

दुकानात तिसरं कुणी नव्हतं. चन्नवीरने चपला काढल्या आणि तो त्या पिशवीत शिरला, फरशीवर, बुटांच्या ढिगाशेजारी. निसारने मोठ्या हौसेने चेन वर ओढली. छातीपर्यंत आली आणि अडकली. वर जाईना, खाली येईना. "हलू नका, हलू नका," निसार म्हणत होता आणि स्वतःच हसत होता, "मिलिटरीतनं बी अशीच काडली असनार ही," आणि चन्नवीर पाठीवर आडवा, हात आत, छताकडे बघत. छताला पाण्याच्या बाटल्या टांगल्या होत्या. आडवं... आमच्या लिंगायतांत गेलेल्याला आडवं ठेवत नाहीत. बसवतात. मल्लव्वालाही मांडी घालून बसवली, पाठ टेकवून, हातात लिंग देऊन, आणि वरून विभूती आणि माती. ती माती पडताना मला काय वाटलं होतं हे मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नाही — मला वाटलं होतं की ही आता रात्रभर अशीच बसणार, हिला बसायची सवय आहे.

चेन सुटली. निसारने हात देऊन उठवलं.

"एका माणसाचं आहे हे," चन्नवीर म्हणाला.

"एका मानसाचंच असतंय की अण्णा."

पाठीची पिशवी तेवढी घेतली. झोपायची नको म्हणाला. बाटलीही नको, घरी फिरकीचा तांब्या आहे. निसारने आग्रह केला नाही, फक्त पायरी उतरताना म्हणाला, "सांज करू नका लई. दुकान बंद करून मला बी सामान बांधायचं हाय."

शुक्रवार पेठेतल्या खोलीत दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. ऊन तिथवर आलं की मल्लव्वा भाकरीचा तवा उतरवायची. आता ऊन येतं आणि तसंच निघून जातं. चन्नवीरने सकाळचं वरण गरम केलं नाही. जेवला, ताट घासलं, आणि पिशवी मधोमध ठेवून तिच्यासमोर बसला.

सामान बांधणं हे त्याचंच काम होतं, नेहमीच. गाणं तिचं आणि सामान त्याचं, अशी वाटणी कुणी केली नव्हती पण झाली होती. वळकटी कशी आवळायची, तांब्या कुठे ठेवायचा म्हणजे कंबरेला लागत नाही, बॅटरी वरच्या वर हाताला कशी लागेल, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं आणि ते करताना त्याला बरं वाटायचं. मल्लव्वा नुसती उभी राहून म्हणायची, "साकु, साकु. काशीला न्हाय चाललो." ती पार सीमेपलीकडची, कन्नडच तिचं पहिलं, आणि पुरे म्हणायचं झालं की अजून तोंडात साकुच यायचं. कव्वालीतली उर्दू तिला निम्मी कळत नव्हती. निम्मी म्हणजे बहुधा त्याहून कमीच. एकदा त्याने विचारलंही होतं, की शब्द कळत नाहीत तर उजाडेपर्यंत बसतेस कशाला. ती म्हणाली, "कोण हरतंय ते कळतंय की."

आणि मी? मी झोपायचो. हे लपवण्यासारखं नव्हतं, जरीनाची पोरंसुद्धा त्यावर हसायची. चढ चढून, घोंगडं पसरून, शिदोरी सोडून झाली की माझं काम संपायचं. पेटी-ढोलक सुरू होऊन पहिला सवाल पडतो न पडतो तो डोळा लागायचा. मध्येच कधी टाळ्यांनी जाग आली तर ती दिसायची, गुडघे जवळ घेऊन, पदर कानावरून घट्ट, आणि तोंड जरासं उघडं. ती मला उठवायची नाही. सकाळी परतीच्या एस.टी.त मात्र सगळी रात्र सांगायची — बाईने काय विचारलं, बुवाने कसं टोलवलं, कुठे अडखळला, कुठे लोकांनी टोप्या उडवल्या. कन्नड, मराठी, हातवारे, मधेच गुणगुणणं. मी कव्वाली ऐकली ती सगळी तशी ऐकली. सकाळी, बसमध्ये, तिच्या तोंडून.

त्याने पिशवीत तांब्या ठेवला. बॅटरी, दोन सेल घालून पाहिली, पेटते. एक सदरा, एक टॉवेल, विभूतीची डबी. पिशवी निम्मीही भरली नाही. मग त्याने पेटीतून घोंगडं काढलं, कडुनिंबाचा पाला झटकला आणि घडी घालून पिशवीत बसवायला गेला.

बसेना. आडवी घडी, उभी घडी, गुंडाळी, गुडघा देऊन दाबून... तोंड मिटेना आणि पट्टा बक्कलापर्यंत पोचेना. ते दोघांचं घोंगडं होतं, जोडाचं, म्हणजे मागावर विणलेल्या दोन लांब पट्ट्या मधोमध शिवून एक केलेली. जड, काळं, दोन्ही टोकांना पांढरी रेघ. गेल्या वर्षीपर्यंत याची वळकटी खांद्यावर टाकून तो टेकाड चढला होता. या वर्षी नाही झेपणार. पायाने नव्हे, पाय ठीक आहेत. पण खांद्यावर वळकटी आणि उजवा हात मोकळा, असा तो चढ... आणि समजा नेलं. समजा पुरतं पसरलं. निम्म्यावर मी बसणार आणि निम्मं तसंच. कुणीतरी येणारच — पावणं, जरा सरका की, एकटंच हायसा — आणि मी काय सांगणार? रीत अशी आहे की पसरलेल्या घोंगड्यावर कुणी पाय देत नाही. पण रीत जिवंत माणसांसाठी आहे.

निम्मं बसेल. एक पट्टी घेतली तर पिशवीत नीट बसेल. हे त्याला एकदम सुचलं नाही. सकाळी पिशवी घेतानाच कुठेतरी होतं, पिशवी एवढीच का घेतली हे आता त्याला कळलं. शिवण उसवायची. माझी पट्टी मी नेईन आणि तिची पेटीत राहील. जरीनाला कळवायचं, एकट्याची धर. यात गैर काही नाही. फाडायचं नाही, फक्त जोडलेलं सोडायचं.

कपिलतीर्थ मंडईच्या बाजूला फुटपाथवर बायडाबाई बसते. जातीने सनगर, घोंगडी विकते, जुनी दुरुस्त करून देते. तिने घोंगडं मांडीवर घेतलं, उन्हाकडे धरलं, हाताने चोळलं.

"माल चांगला हाय की. इकायचंय?"

"नाही. मधली शिवण उसवून पाहिजे. एक पट्टी न्यायची आहे."

"कुठं?"

"उरसाला. टेकाडावर."

"आनि दुसरी पट्टी?"

"घरी राहील."

बायडाबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग पाठीवरच्या नव्या पिशवीकडे. "घरवाली न्हाय व्हय," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. "मग तर आक्खंच न्या की पावणं. दोघं असली की थंडी वाटून घेत्यात. एकट्याला सगळीच बसती."

"पिशवीत बसत नाही."

"का बसावं पिशवीत? खांद्यावर टाका. आमची मेंढरामागची मानसं काय पाठीला दप्तर लावून हिंडत्यात काय शाळंतल्यावानी?"

शेजारची मिरच्या विकणारी हसली. चन्नवीरही हसला असावा, कारण गाल हलल्यासारखे वाटले.

"उसवा," तो म्हणाला.

"उसवते बाबा. तुमचं घोंगडं, तुमची पाठ." तिने दाभण काढलं आणि टोकाकडून शिवणीत घातलं. सुताचा जाड दोरा होता, एकेक टाका सुटताना बारीक, कोरडा आवाज येत होता. वीतभर उसवल्यावर ती थांबली. "कंची पट्टी तुमची? तिला कडंनं गाठी मारून देते, न्हायतर सुटल."

हे सोपं होतं. तो डावीकडे बसायचा. डाव्या पट्टीवर विडीची ठिणगी पडून भोक झालं होतं, जरीनाच्या नवऱ्याची विडी, पुष्कळ वर्षं झाली, कडेलाच पडली होती. "भोक आहे ती," त्याने सांगितलं.

बायडाबाईने घोंगडं उलगडलं. भोक होतं. पण कडेला नव्हतं. मधल्या शिवणीला लागून होतं.

"ही उजवीकडची हाय," ती म्हणाली. मग तिने चारही कडा एकेक करून बोटांतून सरकवल्या, दाभणाच्या टोकाने काहीतरी दाखवलं. बाहेरच्या कडांनाही जुन्या टाक्यांच्या खुणा होत्या, ओळीने, दाट. "लई बारी उसवून शिवलंय की हे. कडा मधी घेतल्यात, मधलं कडंला टाकलंय, इकडची पट्टी तिकडं केलीया. कोन करत हुतं?"

दसऱ्याच्या आधी. धुण्याच्या दिवसांत. मल्लव्वा पायरीवर बसलेली, मांडीवर हे काळं सगळं ओझं, हातात दाभण... मला वाटायचं शिवण सुटली असेल, धड करून ठेवते आहे. एकदा मी म्हणालोही होतो, दर वर्षी कसली सुटते ती, दोरा चांगला आण. त्यावर ती काहीतरी बोलली होती. एकाच अंगाला झिजतंय, असं काहीतरी. मी कामावर निघालो होतो, डबा हातात होता.

"घरचीच," तो म्हणाला.

"शानी हुती. दोन्ही पट्ट्या सारख्या झिजल्यात बघा. आता ह्यात तुमची कंची म्हनून सांगू?"

त्याने हात लावून पाहिलं. एका पट्टीला, मग दुसऱ्या पट्टीला. सारखीच खरखरीत, सारखीच बसून बसून दबलेली. म्हणजे काही वर्षं तिच्या जागेवर मी झोपलो होतो आणि काही वर्षं माझ्या जागेवर ती बसली होती, आणि कुठली वर्षं कुठली ते आता कुणालाच सांगता येणार नाही. उन्हाळ्यापासून त्याच्या डोक्यात होतं की पेटीत आहे त्यात निम्मं तिचं आहे. पेटी उघडली नाही ती त्यामुळेच. आणि आता...

त्याला राग यायला हवा होता असं वाटलं. आला नाही. शीणही आला नाही. किंवा होताच, पण रोजच्या जागी नव्हता, जरा बाजूला सरकून बसला होता.

मिरच्यांच्या ठसक्याने कुणीतरी शिंकलं. मंडईत सांजेची गर्दी सुरू झाली होती. निसार आता दुकान आवरायला घेईल.

गेल्या वर्षी परतीच्या एस.टी.त खिडकी बंद होत नव्हती. मल्लव्वा पदर नाकावर धरून सांगत होती, आणि मी त्या खिडकीशी झटत होतो. बाईने पहाटे पहाटे सवाल टाकला, ती म्हणाली. साधाच. भरली घागर डोक्यावर घेऊन बाई घरी आली. मग तिला जड काय झालं, पाणी का वाट? लोक एकदम गप झाले म्हणे. बुवा पण गप. पेटीवर नुसता बोटं फिरवत राहिला, फिरवत राहिला... आणि मग? मग गडहिंग्लज आलं. बाजाराचा दिवस, कोंबड्यांच्या पाट्या घेऊन माणसं आत घुसली, मल्लव्वाला उठून एका म्हातारीला जागा द्यावी लागली, ती पुढे दांडीला धरून उभी राहिली. पुढचं राहिलं. घरी आल्यावर मी विचारलं नाही. ओझं उतरवलं आणि झोपलो.

काय म्हणाला असेल बुवा?

चन्नवीरला स्वतःचंच नवल वाटलं. इतक्या वर्षांत त्याने एकाही सवालाचा जवाब आपण होऊन मागितला नव्हता. आला तर ऐकला, नाही तर खिडकीबाहेर पाहिलं. जन्मभर तर वाहत आलो. पाणी का वाट, हे मला नाही कळणार तर कुणाला? पण कळेना. त्याने मनातल्या मनात एकदा पाणी म्हणून पाहिलं, एकदा वाट म्हणून पाहिलं. दोन्ही खरं वाटलं आणि दोन्हींनी पुरं होईना. जरीना जागी होती त्या रात्री. तिला आठवत असेल... किंवा नसेलही, पोरंबाळं सांभाळून कोण कुठवर ऐकतं. आणि या वर्षी बाई नवे सवाल आणेल, त्यांचं कोण सांगणार? माळावर मीच असेन. मलाच डोळे उघडे ठेवून बसावं लागेल, उजाडेपर्यंत, निम्मे शब्द न कळता. जमेल का? ढोलक सुरू झालं की माझ्या मानेला आधार लागतो, मान तशीच शिकली आहे.

"पावणं," बायडाबाई म्हणाली. तिचं दाभण उसवलेल्या टाक्यांच्या वर थांबलेलं होतं. "फुडं उसवू, का हुतं तसं शिवू? ऊन जातंय माजं."

"थांबा जरा," तो म्हणाला.

"कशाला थांबू?"

तो तिच्या समोर फुटपाथवर बसला, मांडी घालून. पाणी का वाट. बाईने कुठल्या सुरात विचारलं असेल ते — वरच्या, का अगदी खाली येऊन, बोलल्यासारखं? मल्लव्वाने सांगताना जरासं गुणगुणलंही होतं, त्या वाऱ्यात. तो मान तिरकी करून, जणू कुणी पुढच्या दांडीशी उभं राहून सांगतंय आणि मधे फार माणसं आहेत अशा ओढीने, ते ऐकायला बघत होता.